मऊ माती गृहीत धरून

आई,

तुमचा नुकता डोळा लागला होता म्हणून उठवलं नाही. साहेबांचा सकाळीच फोन आला. नव्या इमारतीचा पाया खणताना खडक लागलाय. खर्चाचा अंदाज बांधताना मी खाली मऊ माती गृहीत धरली आणि तसं कागदावर लिहायचंच राहिलं. आता खडक फोडायचा खर्च कुणाच्या माथी, यावरून साहेब आणि ठेकेदार हातघाईवर आलेत. राग काढायला दोघांना मी आहेच. जीव मेटाकुटीला आलाय.

बूट घालता घालता तुमचं कालचं बोलणं आठवलं. जेवताना तुम्ही म्हणालात, "तुम्ही दोघं मला गृहीतच धरता." तुमच्या लेकानं टीव्हीचा आवाज वाढवला आणि मी ताटं उचलली.

मावशींकडे जायला तुम्ही भरलेली बॅग आठवडाभर पलंगाखाली आहे. केर काढताना मला दिसली होती. मुद्दामच विचारलं नाही. विचारलं असतं तर तुम्ही "हो, जायचंय" म्हणाला असतात, आणि मग छोटीला कोण सांभाळणार?

छोटीला ऑफिसात घेऊन चाललेय. साहेब तोंड वाकडं करतील, करू देत. तुम्ही निघा. चहा झाकून ठेवलाय, तेवढा गरम करून घ्या.

परत कधी याल, ते या वेळी मी गृहीत धरलेलं नाही. फक्त छोटीला झोपवताना तुम्ही कुठली गोष्ट सांगता, ती जायच्या आधी इथे खाली लिहून ठेवा. मला ती ठाऊकच नाही.