चकतीवरचा थर

मंगळवार, संध्याकाळ. वाशीम

शिसारी आली आज. अजून जात नाही.

टायटॅनियम हलकं अन् मजबूत, पण घासलं की लवकर झिजतं. म्हणून नागपूरला जाऊन एका चकतीवर लेझरनं कठीण थर चढवून आणला होता. काळपट, खरबरीत. माझं सारं संशोधन त्या थरातच होतं.

आज कॉलेजात पाहुणे येणार, म्हणून सकाळपासून कुंड्यांना गेरू, झाडांच्या बुडाला चुना, अन् माझ्या चकतीला ग्राइंडर! विभागप्रमुखांनी स्वतः उभं राहून घासून घेतली.

"सर, हे काय केलं तुमी?"

"अरे, काळी दिसून राह्यली होती. पाहुण्याले असं दाखवतात काय? पाह्य, आता कशी चमकते!"

तो काळपट थरच तर दाखवायचा होता! उरलं नुसतं टायटॅनियम. पाहुणे आल्यावर सरांनी तीच माझं संशोधन म्हणून पुढे केली.

पाहुण्यांनी त्या चकचकीत चकतीवर नख ओढून पाहिलं. "वा! ओरखडासुद्धा नाही. ही लेझरची कमाल."

सरांनी टाळ्या सुरू केल्या. मग सगळ्यांनी वाजवल्या. मीही वाजवल्या.

घरी आल्यापासून सारखे हात धुऊन राह्यलो.