गृहभेटीचे पोहे

शेंदूरजनाघाट,
रविवार, दुपार

ती. मामाजींच्या पायावर मोतीरामचं डोकं.

आधी तब्येत विचारतो. गुडघा कसा आहे? बीपीची गोळी सकाळी घेता ना? (आज घेतली नसेल तर घेऊन या, मग पुढं वाचा.) जावयाचं पत्र आलेलं पाहून तुम्हाला नवल वाटेल. पण तुम्ही माझा फोन उचलत नाही आणि मागच्या महिन्यापासून तर तो लागतही नाही. पोस्टमनचं एक बरं आहे, त्याला ब्लॉक करता येत नाही. मामींना नमस्कार सांगा. त्या घेणार नाहीत, तरी सांगा.

झालं ते सगळं तुम्हाला ठाऊक आहे, पण एकदा माझ्या बाजूनंही मांडू द्या. तीन वर्षांपूर्वी दीपमाला सहा वर्षांच्या शालूला घेऊन अकोल्याला गेली. कोर्टानं शालूसाठी महिन्याला चार हजार खावटी लावून दिली. पहिले काही महिने मी ती नियमानं भरली. (पाच. खोटं कशाला सांगू, चार.) मग संत्र्याचा आंबिया बहार गळाला, हातात पैसा राहिला नाही, म्हणून मी एसटीच्या पार्सलनं संत्र्याची खोकी पाठवायला लागलो. माझा हिशेब सरळ होता. कापूसवाला असतो तर कापूस पाठवला असता, मी संत्र्याचा व्यापारी. दीपमालानं फोन करून विचारलं, "शालूची फी संत्र्यानं भरू काय?" मला तो टोमणा वाटला. मी रागानं त्या आठवड्यात दोन खोकी जास्त पाठवली. आता कळतं की ती बाई खरंच विचारत होती.

दोन महिन्यांपूर्वी कोणीतरी १०९८ला, त्या लेकरांच्या हेल्पलाइनला, फोन केला की, आई दवाखान्यात रात्रपाळीला जाते आणि पोरीला बाहेरून कुलूप लावते. बाल कल्याण समितीनं चौकशी केली आणि निकाल लागेपर्यंत शालूला अकोल्याहून तुमच्या गावी, तुमच्या स्वाधीन केलं. हे मला कळलं तेव्हा, मामाजी, मला आनंद झाला. लाज सोडून लिहितो. मी म्हटलं, पोरगी सरकारकडे गेली, आता खावटी कोणाला द्यायची? सरकारला? आणि समितीनं पोरगी माझ्याकडेच दिली तर प्रश्नच मिटला. शिवाय दीपमालाची जिरेल. मी अर्ज केला, पांढरा शर्ट घातला आणि एक खोकं खांद्यावर घेऊन समितीपुढे उभा राहिलो. तिथल्या अध्यक्ष मॅडमनी आधी खोकं बाहेर ठेवायला लावलं, मग चष्म्यावरून पाहत म्हणाल्या, "खावटी बायकोची नाही, सरकारचीही नाही. ती पोरीची आहे. पोरगी जिथं, खावटी तिथं." आणि घर बघायला आमच्या बाई येतील, तयारीत राहा, असं सांगितलं.

आता घर बघायला माणसं येतात तेव्हा काय तयारी करतात, हे आपल्याकडे कोणाला शिकवावं लागतं? तुम्ही माझं घर बघायला आला होता तेव्हा केली होती, तीच मी पुन्हा केली. शेजारच्या श्यामचा सोफा आणला. (तुम्ही बसला होता तोही श्यामचाच होता, हे या निमित्तानं कबूल करून टाकतो.) त्याचा फ्रिज आणला. पोह्यावर शेव आणि खोबरं घातलं. घरात मोठं माणूस दिसावं म्हणून समोरच्या गोदाबाईंना नवं लुगडं नेसवून बसवलं आणि एवढंच सांगितलं की, मॅडम घर पाहायला येत आहेत, माझ्याविषयी चार शब्द चांगले बोला.

समितीच्या रागिणी मॅडम आल्या. पायात साध्या चपला, हातात फाईल. त्यांनी पोह्याच्या ताटलीला हात लावायच्या आतच गोदाबाई सुरू झाल्या, "पोरगं निर्व्यसनी हाये बाई, पान बी खात नाही. पयली गेली सोडून, पन त्यात याचा दोष नाही. तुमची पोरगी कितवी शिकली?"

"आजी, मी पोरगी द्याले नाही आली," मॅडम म्हणाल्या. "पोरगी इथं कुठं झोपीन, ते पाहाले आली."

मी पुढं झालो आणि सोफा दाखवला. मॅडमनी फ्रिज उघडला. तो चालू करायचा राहिला होता आणि आत दुधाऐवजी श्यामच्या म्हशीची इंजेक्शनं होती. तेही मी निभावून नेलं असतं. पण जाता जाता मॅडम दाराशी वाकल्या. घरात लेकरू असल्यासारखं दिसावं म्हणून मी वरुडहून गुलाबी बूट आणून उंबऱ्याजवळ ठेवले होते. त्यांनी एक बूट उचलला, तळहातावर ठेवला आणि विचारलं, "शालू किती वर्षांची आहे?"

"नऊ," मी म्हणालो. एवढं मला येत होतं.

"हा सहा वर्षांच्या पोरीचा आहे."

मामाजी, दुकानात मी हातानं अंदाज दाखवला होता. हाताला जेवढी शालू आठवली, तेवढाच दाखवला. ती गेली तेव्हाची. मग मॅडमनी ती कितवीत आहे, तिला कशाची भीती वाटते, आजारी पडली तर काय खाते, असं एकेक विचारलं. मी प्रत्येक वेळी गोदाबाईंकडे पाहत होतो. शेवटी मीच चिडून म्हणालो, "मले काय विचारता? कुलूप तर तिच्या मायनं लावलं!" त्यावर त्या चिडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. फाईलमध्ये पाहून त्यांनी सांगितलं की, आधी एक शेजारीण महिना पंधराशे घेऊन रात्री शालूजवळ झोपायला यायची. खावटी थांबली, तशी ती बाई थांबली. त्यानंतर कुलूप आलं.

कुलूप दीपमालानं लावलं, असं मी गावातल्या चहाच्या प्रत्येक टपरीवर सांगत होतो. त्यातलं निम्मं मी लावलं होतं. कुलपाच्या त्या रात्रींत पोरगी आत एकटी काय करत असेल, हे तेव्हा पहिल्यांदा माझ्या मनात आलं आणि पोह्याची ताटली हातातच राहिली. मला फार वाईट वाटलं, मामाजी. दुसरा चांगला शब्द मला सुचत नाही.

तेव्हा मी मोठ्या मनानं अर्ज मागे घ्यायचं ठरवलं आहे. शालू तुमच्याजवळ राहो आणि दीपमालाला दिवसपाळी मिळाली की तिच्याजवळ जावो. माझी हरकत नाही.

तुमचा (अजून कागदोपत्री तरी) जावई,
मोतीराम

ता. क. मोठ्या मनाचं वर लिहिलं ते पूर्ण खरं नाही. समितीनं बुधवारीच अर्ज नामंजूर केला. अहवालात लिहिलं आहे की, अर्जदाराला मुलीचं वय माहीत आहे, मुलगी माहीत नाही.

ता. क. राहिलेली सगळी खावटी शुक्रवारी शालूच्या खात्यात भरली. मोटारसायकल विकली, कमी पडले ते उसने घेतले. गोदाबाई म्हणतात, आता तुले कोन पोरगी देईन? खोकं एकही पाठवत नाही, काळजी नसावी.

ता. क. पत्र लिहायचं खरं कारण हे. दुसऱ्या शनिवारी अकोल्याच्या ऑफिसात मला शालूला एक तास भेटायची परवानगी मिळाली आहे. रिकाम्या हातानं यायचं नाही आणि बूट पुन्हा अंदाजानं घ्यायचे नाहीत. तर एका कागदावर तिचा पाय ठेवून पेन्सिल फिरवा आणि तो कागद मला पाठवा. कोपऱ्यात तारीख टाका, म्हणजे पुढच्या वर्षी मी हेच माप घेऊन दुकानात जाणार नाही. ती पाय ठेवायला नाही म्हणाली तर बळजबरी करू नका. कोरा कागद पाठवा. तो आणि पेन्सिल घेऊन मी शनिवारी येतो.