तक्त्यावरचा वासाचा गोल

प्रति,
मा. व्यवस्थापक साहेब,
महिला गृहउद्योग गुणवत्ता कक्ष,
जळगाव.

अर्जदार : श्रीमती झुंबरबाई रुपचंद पाटील, शिक्षण तिसरी, अध्यक्ष, नवचैतन्य महिला बचत गट (बिबडी तयार करणारा), मु. पो. नागझिरे, ता. एरंडोल, जि. जळगाव.

विषय : दि. ८ एप्रिल रोजीच्या विचारमंथन शिबिरात काढलेल्या तक्त्यावरून अर्जदाराच्या नावाचा गोल खोडून मिळणेबाबत.

संदर्भ : आपल्याकडून आलेली दोन पत्रे व भूपेंद्र साहेबांचे सात फोन.

महोदय,

१. वरील विषयास अनुसरून अर्जदार सविनय कळवते की, आमच्या गटात अर्जदार धरून दहा बाया आहेत. गट बारा वर्षांपासून ज्वारी आंबवून तिच्या बिबड्या, म्हणजे पापड, करतो. नरडाणा एमआयडीसीतील एका उपाहारगृहाला दरमहा दीडशे किलो बिबडी आमच्याकडून जाते. फेब्रुवारीचा माल त्यांनी आंबूस वास येतो म्हणून परत पाठवला, मार्चचाही पाठवला. दि. ३० एप्रिलपर्यंत गुणवत्ता सुधारणेचा अहवाल अध्यक्षाच्या सहीने व नवीन नमुन्यासह मिळाला नाही, तर पुढील माल घेणार नाही, असे त्यांनी लेखी कळवले. ते काम गेले तर दहाही बायांना दुसऱ्याच्या शेतात निंदणीला जावे लागेल, हे अर्जदाराला कोणी शिकवायची गरज नाही.

२. अहवालासाठी आपण श्री. भूपेंद्र साहेबांना पाठवले. साहेब देवपुराहून मोटरसायकलवर आले, पोरगेलासा माणूस, पण बोलणे गोड. त्यांनी भिंतीवर पलंगाएवढा कागद लावला, मधोमध गोल काढून त्यात लिहिले, "बिबडी का बिघडते?" मग सांगितले की, ज्याच्या मनात जे येईल ते बोलायचे, कोणतीही कल्पना वाईट नसते, कोणी कोणाला नाही म्हणायचे नाही, आणि कोण काय बोलले ते लिहायचे नाही. अर्जदाराच्या घरात चाळीस वर्षांत असे शिबिर झाले नाही. म्हणून अर्जदाराने विचारले की, चुकीचे बोलले तरी लिहाल का? साहेब म्हणाले, "लिहू, अक्का." अर्धा तास गेला. एकही बाई बोलली नाही. सगळ्या अर्जदाराच्या तोंडाकडे पाहत बसल्या. तेव्हा साहेबांनी अर्जदाराला हात जोडून ओट्यावर जाऊन बसायला सांगितले. स्वतःच्या गटाच्या शिबिरात अध्यक्ष बाहेर, पायताणांजवळ. त्यानंतर आतून जो कालवा सुरू झाला, तो पार पिंपळापर्यंत ऐकू गेला असेल.

३. अर्जदार आत आली तेव्हा कागदावर जाळे झाले होते. गोलातून रेघ, रेघेतून दुसरा गोल. पाकिटावर नटीचा फोटो छापा. बिबडीला चॉकलेट लावा. गच्चीवर पंखे बसवा. कावळ्यांसाठी भोंगा लावा. हे सर्व साहेबांनी हौसेने लिहिले होते. अर्जदार हसली. मग एक गोल दिसला, त्याला बाकी सर्व गोलांपेक्षा जास्त रेघा येऊन मिळाल्या होत्या. अर्जदाराने अक्षर अक्षर लावून वाचले : "भिजलेल्या ज्वारीचा वास फक्त अक्का घेतात. अक्कांना आता वास येत नाही."

४. अर्जदार येथे स्पष्ट करते की, बिबडीचा सगळा जीव ज्वारीच्या भिजण्यात असतो. ज्वारी पाण्यात तीन दिवस आंबते. पण ऊन किती, पाणी कोणते, ज्वारी जुनी की नवी, यावर तीन दिवसांचे अडीच होतात किंवा साडेतीन. नेमकी कधी उपसायची ते वासावरून कळते. हे काम अर्जदाराच्या सासूने तिला दिले व बारा वर्षे गटाचा एकही दाणा अर्जदाराने वास घेतल्याशिवाय उपसलेला नाही. माल बिघडला तो टेम्पोवाल्याने ओल्या गोण्यांवर ठेवला म्हणून, किंवा उपाहारगृहाच्या कोठीत कांदे पडले असतील म्हणून. तक्त्यावर कांद्याचा गोल का नाही, याचा खुलासा व्हावा.

५. सबब अर्जदाराची मागणी : (अ) सदर गोल खोडावा. (ब) तो गोल कोणी सांगितला तिचे नाव लेखी द्यावे. अर्जदाराने नऊ जणींना एकेकीला गाठून विचारले. मंजुळाबाई म्हणाली, "अक्का, माले काहीच माहीत नही." सुमनबाईला नेमके त्याच वेळी डोळ्यात काही गेले होते. अर्जदाराची सून सपना म्हणाली, "आत्याबाई, साहेबनी नाव सांगाले बंदी करेल शे." घरच्या सुनेने साहेबाची बंदी पाळावी आणि सासूचा शब्द नाही, हे शिबिराचे फळ. नाव मिळेपर्यंत अर्जदार अहवालावर सही करणार नाही.

६. अर्जदार नुसती तक्रार करणारी बाई नाही. ती पुरावा देते. दि. १५ रोजी सर्व बायांसमक्ष अर्जदार तीन मडक्यांतील ज्वारीचा वास घेऊन चांगली कोणती ते सांगेल. एक मडके दोन दिवसांचे, एक तीन दिवसांचे, एक पाच दिवसांचे. गटातील कुंदाबाईने मडक्यांच्या दोऱ्याला जितके दिवस तितक्या गाठी मारून त्या फडक्याखाली दडवाव्यात, म्हणजे अर्जदाराला दिसणार नाहीत, ही अट अर्जदाराचीच. निकाल याच अर्जात लिहून पाठवते.

(येथपर्यंतचा मजकूर दि. १४ रोजी लिहिला. पुढील मजकूर दि. २२ रोजीचा आहे. वरचे खोडलेले नाही. अर्जदार बोललेले गिळत नाही, तर लिहिलेले कसे खोडेल.)

७. दि. १५ रोजी सकाळी नऊ वाजता ओसरीत तीन मडकी मांडली. अर्जदाराने आधी सर्वांना बजावले, "कोणले काय सांगनं शे ते आते तोंडवर सांगा, मांगे बोलाचं नही." अर्जदाराने पहिल्या मडक्यात तोंड घातले. दुसऱ्यात घातले. तिसऱ्यात घातले. मग मधल्या मडक्यावर हात ठेवून सांगितले, ही. नंतर नऊ बायांनी एकेक करून त्याच मडक्याचा वास घेतला. मंजुळाबाईने घेतला व पदर तोंडाला लावला. आमच्यातली पुना घोड्यासारखी शिंकली. सर्व जणी म्हणाल्या, "हा अक्का, बराबर शे." अर्जदाराने जागच्या जागी हुकूम दिला की, हीच उपसा, याच ज्वारीचा नमुना नरडाण्याला जाईल. बायांनी उपसली, धुतली, वाळवली, दळून आणली. दि. १७ रोजी पिठाचा घाटा शिजवून बारा धोतरांवर बिबड्या घातल्या. दुपारपर्यंत गच्ची पांढरी झाली होती. अर्जदाराने सर्वांना चहा पाजला आणि गोल सांगणारी आता कोणत्या बिळात बसली, असेही म्हटले.

८. त्या दुपारी अर्जदार ते मधले मडके घासायला बसली. फडके काढले, दोरा हातात आला. गाठी मोजल्या. पाच. अर्जदाराला शंभरपर्यंत मोजता येते. पुन्हा मोजल्या, तरी पाच.

९. गच्चीवर जाऊन अर्जदाराने एक बिबडी सोलली व तोंडात घातली. मिरचीचा झणका लागला. दुसरे काही लागले नाही. महोदय, पौषात अर्जदाराला आठ दिवस ताप होता. तेव्हापासून फोडणी जळली तर धुरावरून कळते, दूध नासले तर डोळ्यांनी कळते. अर्जदार सर्दी म्हणत राहिली. फेब्रुवारीची ज्वारी अर्जदाराने अंदाजाने उपसली, मार्चचीही. त्या मडक्यांतून कसलाही वास आला नाही, आणि घाण आली नाही म्हणजे चांगली असेल, असे अर्जदाराने धरले. हे आजपर्यंत कोणाला सांगितलेले नाही. आपल्या कार्यालयाला प्रथमच कळवत आहे.

१०. अर्जदाराने सपनाला चुलीपुढे उभे करून विचारले, तुझे नाक शाबूत आहे ना, मग पाच दिवसांच्या नासलेल्या ज्वारीला बराबर का म्हणालीस? ती भाकरी थापत होती. थापता थापता म्हणाली, "तुम्ही सांगं, आम्ही करं." अर्जदाराने विचारले, मी उद्या विहिरीत उडी मारा म्हटले तर? ती म्हणाली, "पहिले मंजुळाबाईले धाडू." दोघी हसल्या. मग ती रडली. अर्जदाराने तिची भाकरी उलटली, कारण ती तव्यावर करपत होती व ते अर्जदाराला दिसले.

११. त्या तेरा किलो बिबड्या अर्जदाराने स्वतःच्या हाताने उकिरड्यात टाकल्या. गुराढोरांनाही घातल्या नाहीत. नऊ बायांना वास येत होता. नऊ जणींनी उन्हात हात भाजून नासलेला माल घातला, आणि तो अर्जदाराच्या धाकाने घातला. टेम्पोवाल्याचा दोष नाही. कांद्याचा नाही.

१२. भूपेंद्र साहेब म्हणतात की, यंत्र घ्या, ते आंबटपणा आकड्यात दाखवते. यंत्र घेऊ, पण ते येईल जूनमध्ये. अर्जदाराने विचार करून पुढील पद्धत बसवली आहे. ती तक्त्यावर नवीन रेघ ओढून लिहावी. मडके कोठीघरात ठेवायचे. एकेक बाईने एकटीने आत जायचे, दार लावायचे, वास घ्यायचा. चांगली असेल तर अरुंद तोंडाच्या गाडग्यात गव्हाचा दाणा टाकायचा, बिघडली असेल तर हरभऱ्याचा. कोणी कोणता टाकला ते कोणी पाहायचे नाही. अर्जदारानेही नाही. शेवटी गाडगे पालथे करायचे व दाणे सांगतील तसे वागायचे. हरभरे जास्त निघाले तर ज्वारी टाकून द्यायची, मग अध्यक्ष कितीही ओरडो.

१३. सबब विषयात लिहिलेली मागणी अर्जदार मागे घेत आहे. गोल खोडू नये. अहवालावर सही केली आहे, सोबत जोडला आहे. पहिल्या भागात मागितलेले नाव मात्र आपण कोणत्याही परिस्थितीत देऊ नये. अर्जदार स्वतःला ओळखते. ती पुन्हा मागेल. कार्यालयात येऊन बाकावर बसेल, पाणी पिणार नाही, तुमच्या शिपायाला आबा म्हणून गोड बोलेल. तरी देऊ नये. नाव कळले तर अर्जदार त्या बाईशी पूर्वीसारखे वागू शकणार नाही, आणि तिच्याशी चांगले वागण्याची सवय अर्जदाराला या वयात लागणार नाही. साहेबांनाही तशी लेखी ताकीद द्यावी.

१४. नमुन्याची ज्वारी पुन्हा नव्याने भिजवावी लागत असल्याने दि. ३० पर्यंत माल पोहोचेल याची खात्री नाही. नरडाण्याच्या उपाहारगृहास आपल्या कक्षामार्फत आठ दिवसांची मुदत मागून द्यावी, ही कळकळीची विनंती. कारण विचारल्यास खरे सांगावे.

१५. पुन्हा का भिजवावी लागते, तेही कळवते. दि. १८ रोजी घातलेल्या मडक्याचे काल बरोबर तीन दिवस भरले. ऊन त्रेचाळीसचे होते. कालच वरील पद्धतीने प्रथम तपासणी केली. दहा जणी एकेक करून आत गेल्या, अर्जदार सर्वांत शेवटी. गाडगे ओसरीत पालथे केले, दाणे कुंदाबाईने मोजले. नऊ हरभरे, एक गहू. गहू अर्जदाराचा. ज्वारी फेकून दिली.

कळावे, मुदतीच्या उत्तराची वाट पाहत आहे.

आपली नम्र,
झुंबरबाई रुपचंद पाटील
(सही स्वतःच्या हाताने, अंगठा नाही)
नागझिरे, दि. २२ एप्रिल

सोबत :
१) अहवाल, सहीसह.
२) गटातील दहा बायांची नावे. कोणत्याही नावापुढे खूण केलेली नाही, ती करू नये.