संगमापुढे नाव खाली जाते

४ नोव्हेंबर १९५९, बुधवार

पुस्तिका छापून आली! सोळा पानं, हिरवट कागद. 'मांधाता बेट : जावे कसे, फिरावे कसे'. त्याखाली माझं नाव. गोष्टींच्या दोन पुस्तकांवर नाव पाहूनही इतकं बरं वाटलं नव्हतं.

महिला मंडळाच्या सुलोचनाबाईच मागे लागल्या होत्या — "तुमच्या गोष्टीतल्या बायका नुसत्या खिडकीशी बसतात. एखादीला गाडीत बसवा की कधी." बसवलं. इंदूरहून छोट्या लाइनीने ओंकारेश्वर रोड, म्हणजे मोरटक्क्याचं स्टेशन. तिथून मोटार, टांगा, नाही तर बैलगाडी — सात मैल. मग नर्मदा, नाव, आणि पलीकडे ओंकाराचं बेट. बेटावर वाहन नाही. आपले पाय, किंवा चार माणसांच्या खांद्यावरची डोली.

छापखान्यात खिळे जुळवणाऱ्या भियाने — इथे भय्याला भियाच म्हणतात — सातव्या पानाशी थांबून विचारलं होतं, "बाईजी, नाव खाली जाए तो छापने का क्या फायदा?" मराठी छापतो आणि मराठी येत नाही! घरी सांगितलं तर हे ठसका लागेपर्यंत हसले.

६ नोव्हेंबर

पद्मजा पुण्याहून दिवाळीला आली ती अजून इथेच आहे. माझी धाकटी बहीण, पण जिना चढताना माझ्याहून म्हातारी दिसते. श्रावणात पडल्यापासून उजवा गुडघा वाकत नाही. पौर्णिमेला मंडळाच्या बायका मांधात्याला जाणार, बेटाची परिक्रमा करणार. तिला जायचंच आहे. आई शेवटपर्यंत म्हणत राहिली, ओंकाराला एक फेरा घालायचाय. राहूनच गेला.

सातवं पान मी पद्मासाठीच लिहिलं. आज तिने मोठ्याने वाचून दाखवलं — 'संगमापुढे नाव खाली जाते. ज्यांना चढ झेपत नाही त्यांनी संगमापर्यंत चालावे व तेथून नावेने थेट मोरटक्क्यास, स्टेशनापाशी, उतरावे.'

"ताई, हे माझ्या गुडघ्याला उद्देशून आहे. त्याचंही नाव घालायचंस."

७ नोव्हेंबर

सारखा तो म्हातारा नावाडी आठवतो.

आश्विनात माहिती गोळा करायला गेले होते तेव्हा बेटाच्या टोकाला, संगमावर, भेटला. मी विचारलं, इथून पुढे नाव जाते का? तो म्हणाला, "आगे तो नाव खाली जाती है, बाई।" आणि तळहात उभा धरला. मी वहीत उतरून घेतलं. तो त्याच्या निमाडी बोलीत आणखी काही बोलला, वाऱ्यात ऐकू आलं नाही. परतीची नाव खोळंबली होती. मी पुन्हा विचारलं नाही.

तिथे पाण्याचा आवाज वेगळाच आहे. जात्यासारखा. आत काहीतरी भरडलं जात असल्यासारखा.

दिशा दाखवायला कोणी हात असा धरतं का?

१० नोव्हेंबर

पद्माच्या गुडघ्यावर एरंडाचं पान बांधलं. उतार नाही.

१२ नोव्हेंबर

ह्यांना ताप. एकशेतीन. माझं जाणं रद्द. कमलवन्सं — ह्यांची धाकटी बहीण — पद्माबरोबर राहणार आहेत. वन्सं इंदुरातच वाढल्या, कुठेही कोणाशीही बोलतात. तरी मी पद्माला म्हटलं, पुढच्या वर्षी जा. माझ्याबरोबर.

"पुस्तिका आहे ना. तूच बरोबर असल्यासारखं."

लिहिलंय तर मीच.

१४ नोव्हेंबर, शनिवार

सकाळी सगळ्यांना गाडीत बसवलं. पद्मा खिडकीतून पुस्तिका हलवत होती. गाडी वळेपर्यंत तो हिरवा कागद दिसत होता.

स्टेशनाबाहेर टांगेवाल्याने हाक मारली, "बैठो बाईजी, पलासिया तक टांगा खाली जा रिया है।"

बसले. पूल ओलांडला, आणि त्याचे शब्द पुन्हा कानात आले.

टांगा खाली. नाव खाली.

रिकामी! तो म्हणत होता, पुढे नाव रिकामी जाते. पुढच्या खडकांमुळे माणसं बसवत नाहीत तिथून. म्हणून तो हात — थांब, बस्स, एवढंच. आणि छापखान्यातला भिया तरी दुसरं काय विचारत होता? रिकामी जाणारी नाव छापून काय फायदा?

आम्ही घरात मराठी बोलतो, दाराबाहेर हिंदी. उंबऱ्यावर भाषा बदलायची सवय इतकी, की बदलल्याचं कळतही नाही. त्याचं वाक्य मी तसंच्या तसं घरात आणलं. 'नाव खाली' यातलं एक अक्षर बदलावं लागलं नाही. तेव्हाच शंका यायला हवी होती.

वन्सं असतील जवळ तर ठीक. पण पद्माला हिंदी येत नाही.

तार केली, धर्मशाळेच्या पत्त्यावर — 'पद्मजाला संगमावर नावेत बसू देऊ नये'. तारबाबू म्हणाले, "पहुँच तो जाएगी बाईजी, पर मेले में आदमी कौन ढूँढेगा?" पुढची गाडी उद्या सकाळी. मी पोचेपर्यंत दुपार. बायका पहाटेच परिक्रमेला निघणार. हे तापातच उठून सदरा घालायला लागले. त्यांना परत निजवलं.

१५ नोव्हेंबर

पौर्णिमा. काही कळलं नाही.

१६ नोव्हेंबर

वन्सं आल्या. हातात पद्माची पिशवी.

त्या बोलल्या ते तसंच लिहून ठेवते. या वेळी तरी नीट लिहायला हवं.

"वहिनी, मी वर पायऱ्यांवर होते, बायकांना पाणी देत. ती पुढे जाऊन दगडावर टेकली होती. गुडघा टम्म. म्हातारा नाव सोडतच होता. त्याने सांगितलं हो तिला, खाली जाती है बाई. ही म्हणते, हो हो, खालीच जायचंय. तो परत म्हणाला, खाली, खाली. ही हसली. वाटलं असेल, किती वेळा तेच सांगतो. मग पिशवीतून तुमचं पुस्तक काढून त्याच्यापुढे धरलं. त्याला कुठलं वाचायला येतंय! त्याने पानाला बोटं लावली, कपाळाला लावली. म्हणाला, किताब में लिखा है तो बैठो। मी ओरडले — पद्मा, रिकामी म्हणतोय गं तो! उतरून पोचले तोवर त्याने बांबू टेकला होता. पिशवी दगडावरच राहिली."

नाव खडकांमागे वळली. पलीकडून बाहेर आलेली कोणी पाहिली नाही. दोन्ही काठांनी माणसं गेली आहेत. तार वन्संना काल संध्याकाळी, सगळं झाल्यावर मिळाली.

मी विचारलं, तो म्हातारा कसा होता? म्हणाल्या, पांढऱ्या मिशा, डाव्या कानात बाळी.

तोच.

१७ नोव्हेंबर

ह्यांनी सातवं पान उघडून धरलं होतं. मला पाहून मिटलं.

पद्माचे केस अजून फणीत अडकलेले आहेत — दोनच. फणी तिथेच ठेवली. माणसं अजून काठाने शोधतायत. नाव कुठे खडकाला लागून थांबली असेल. दोघं तिच्यात बसून असतील. असं होतं.

१८ नोव्हेंबर

मोरटक्क्याच्या पुलाखाली नाव सापडली. खाली.