पाणी : विषय क्रमांक नऊ

२५ जुलै, शुक्रवार
दुपारी टीव्हीवर लोकसभा पाहिली. मंत्र्यानं पुढच्या आठवड्याचं कामकाज वाचून दाखवलं. कोणता विषय, किती तास, सगळं ठरलेलं. वा! आणि आमची दिघोरी? सोळा दिवस पाऊस नाही, धानाची रोवणी अडकली, अन् तलावाचं पाणी कोणाच्या बांधीत आधी सोडायचं हे लोक तलावाच्या पाळीवर उकिडवे बसून ठरवतात. बिड्या फुकत. गावंढळ!
पाणी समितीचा सचिव मी आहो. यंदा सगळं संसदेसारखं.

२६ जुलै
कामकाज पत्रिका तयार. शोकप्रस्ताव, मागचं इतिवृत्त, प्रश्नोत्तराचा तास वगैरे. पाणी नवव्या नंबरवर. गोदावरी म्हणे, पाणी आधी घ्या, आपले धानाचे पऱ्हे वाफ्यातच पिवळे पडून राहिले, रोवायचे कधी? तिले प्रोसिजर समजत नाही. बायको आहे, माफ.

२८ जुलै, सकाळी ११
सभा. तेवीस हजर. शोकप्रस्तावातच दीड तास गेला, यंदा कोण कोण मेलं यावर भांडण. शेजारच्या बांधीवाला डोमा, सातवी नापास, उठून म्हणे, मेलेल्याईले पाणी नाई लागत, आमाले लागते. लोक हासले. नियमाबाहेर बोलला म्हणून मी त्याले बसायले सांगितलं. तो उठून गेला. मागं सगळेच गेले. सभा तहकूब.
लोकसभाही रोज तहकूब होते. म्हणजे गाडी बरोबर चालली आहे.

३० जुलै
दुसरी सभा. हजर तीन. त्यातला एक म्हैस शोधत आला होता.

१ ऑगस्ट, शुक्रवार
पुढच्या आठवड्याचं कामकाज छापायले लाखांदूरले गेलो. सभागृहाची सवय लागावी म्हणून फोन सायलेंट.
संध्याकाळी परत आलो तर गोदावरी रडून राहिली होती. डोमानं पाळीवर लोक जमवले, चिठ्ठ्या टाकल्या, दहा मिनिटात एकतीस जणांचे नंबर लावले. सातबारा ज्याच्या नावावर तो स्वतः हजर नसला, तर त्याची चिठ्ठीच टाकत नाही. तो शेवटी. म्हणजे मी एकतिसावा. जुना रिवाज आहे. गोदावरीनं हातापाया पडून पाहिलं. मले सात फोन केले.
हरकत नाही. ठरावाशिवाय झालेलं सगळं बेकायदेशीर. अन् तलावात पाणी मस्त आहे.

८ ऑगस्ट
निषेधाचा ठराव लिहिला. अनुमोदक भेटला नाही. अडाणी गाव. तलाव थोडा खाली गेल्यासारखा वाटते. नजरेचा दोष असेल.

१३ ऑगस्ट
आज माझा नंबर. गेट उघडलं. गाळ आला.
शेवटचं पाणी काल डोमाले भेटलं, तिसावा नंबर. पण त्याचे पऱ्हे रानडुकरांनी खाल्लेले. गोदावरीनं मले न विचारता आपले सगळे पऱ्हे त्याले देऊन टाकले. म्हणे, वाळू देण्यापेक्षा कोणाच्या तरी बांधीत उभे राहू द्या. त्याच्या बांधीत रोवायले बाया कमी होत्या, म्हणून मलेही नेलं.
यंदा घरी दाणा येणार नाही. माझ्यामुळं. हे इतिवृत्तात घेतलं.
दिवसभर चिखलात, बायांच्या रांगेत मी एकटा माणूस. डोमा बांधावरून म्हणे, सचिवजी, जरा लवकर हात चालवा.
चालवला.