ताराबीकिनांचा मूळपुरुष

३ जून २०१४, मंगळवार

इन्नोकेंती प्रोकोप्येविच ताराबीकिन सकाळी बोललेलं संध्याकाळी नाकारतो, म्हणून लिहून ठेवणं भाग आहे. गावाच्या वर्धापनदिनाला लेना नदीच्या काठी शिळा बसणार, तिच्यावर गाव वसवणाऱ्यांची नावं. यादी तपासायची मी — एकतीस वर्षं भूगोल शिकवल्याची शिक्षा! आणि शेजारच्या या निवृत्त तांडेलाला तिथे आपला मूळपुरुष हवा: सतराव्या शतकातला कोसॅक शिपाई वाविला ताराबीकिन.

"पुरावा?"

"आडनाव! आणखी काय हवं, मास्तरीणबाई?"

५ जून

आज माझ्याच नकाशासमोर उभं राहून मला भाषण. "उरल ओलांडल्यापासून साठ वर्षांत थेट प्रशांत महासागर! वाविलासारखी माणसं होती म्हणून देश एवढा झाला."

म्हटलं, नद्या वाहतात उत्तरेला, त्यांना जायचं होतं पूर्वेला. एका नदीतून दुसरीत होड्या जंगलातून ओढत नेल्या त्यांनी. तुम्ही डिझेलची टगबोट तीनदा वाळूत रुतवलीत.

"दोनदा!"

संध्याकाळी — एकदाच.

९ जून

वाविलाच्या नोंदींसाठी मॉस्कोच्या दप्तरखान्यात फोन केला. तिथली बाई म्हणते, "उद्या येऊन बघून जा." उद्या! उद्यापर्यंत आमची बोट रेल्वे स्टेशनालासुद्धा लागत नाही. शेवटी प्रती पाठवायला कबूल झाली.

"देश एवढा वाढवलात आणि मॉस्कोला कळवायचं राहिलं का?" इन्नोकेंतीला विचारलं. हसला नाही. म्हणाला, "मला मूलबाळ नाही, अवगुस्ता निकान्द्रोव्ना. माझ्यामागे हे नाव राहिलं तर त्या दगडावरच."

चहा ओतला.

१० जून

इन्नोकेंतीने मासा भरून भाजलेला पिरोग पाठवलाय. उघड उघड लाच. काटेही काढलेले नाहीत. खाल्ला.

२० जून

प्रती आल्या. वाविला आहे. खरा! पण निपुत्रिक मेला — वारस नाही म्हणून कुऱ्हाड आणि कढई चर्चला दिली.

आडनाव पुढे चाललं ते दुसऱ्याच माणसाकडून. दरवर्षी करापोटी सेबल या केसाळ प्राण्याची कातडी येत राहावीत म्हणून इथल्याच एवेंकी टोळीतला एक जण कोसॅकांच्या लाकडी गढीत ओलीस ठेवलेला. त्याचा बाप्तिस्मा झाला, धर्मपिता वाविला. तेव्हाची रीतच — धर्मपित्याचं आडनाव लागायचं. गावातले सगळे ताराबीकिन या ओलिसाचे.

माझ्या नकाशावर हा सगळा मुलूख एका हिरव्या पट्ट्यात आहे. पट्टा मीच रंगवलाय. वर नुसतं रशियाला जोडल्याचं साल.

२१ जून

सांगितलं. आडपडदा ठेवला नाही.

टोपी हातात फिरवली. मग — "म्हणजे ते यायच्या आधीपासून आम्ही इथेच?"

"आधीपासून."

"तरीच! नदीत मला कधी कोणाला वाट विचारावी लागली नाही."

"वाळू मात्र दिसायची नाही."

"एकदाच, बाई, एकदाच!" हसला, डोळे पुसले. विचारलं, "त्याचं आधीचं नाव काय होतं?"

लिहिलेलं नाही. सगळी पानं दोनदा पाहिली.

"मग त्याच्याबद्दल जे लिहिलंय ते द्या."

२४ जून

शिळेसाठी इन्नोकेंतीने दिलेला मजकूर. दप्तरावरून ताडून पाहिला, बरोबर आहे. मंजूर.

"सन १६४१. टोळीप्रमुख किल्तिगाकडून गढीत जमा: सेबलची कातडी, एकवीस. सख्खा भाऊ, एक."