आईच्या किंकाळ्या

दि. १२ ऑक्टोबर, शनिवार

प्रिय धाकटे,

अनेक आशीर्वाद. पाकिटावरचं अक्षर बघून कपाळाला आठ्या घातल्या असशीलच, तरी फाडू नकोस. इकडे सगळं ठीक. माझा गुडघा कुरकुरतो आणि वहिनी त्याहून जास्त. तुझ्या डोळ्याचं ऑपरेशन झाल्याचं आत्याकडून कळलं. औषधाचे थेंब वेळेवर घालतेस ना? की मी सांगितलं म्हणून मुद्दाम घालणार नाहीस?

लिहायला कारण घडलं. जुने सिनेमे जपणारी एक संस्था आहे, तिथल्या बाईंचा फोन आला. सत्तर ते ऐंशीच्या दरम्यानचे भुताखेतांचे सिनेमे त्या दुरुस्त करताहेत. जे आठवडाभर चालून उतरले आणि आता कोणाच्या लक्षातही नाहीत, असे. ध्वनिमुद्रणाच्या एका वहीत त्यांना आईचं नाव सापडलं, त्यावरून त्यांनी मला शोधून काढलं. कुठली किंकाळी आईची ते ओळखून सांगा म्हणाल्या, सुरुवातीच्या पाटीवर तिचं नाव घालायचंय.

तेव्हा गेले तीन आठवडे रोज सकाळी दहाला मी तिथे जातो. तळघरातली खोली, दोन खुर्च्या, छोटा पडदा. गंजलेले डबे उघडले की आंबूस वास नाकात जातो. बाई पांढरे हातमोजे घालून रिळं अशी उचलतात, जणू तान्हं मूलच.

सिनेमे म्हणशील तर हसून पोट दुखावं असे. एका चेटकिणीच्या मनगटावर घड्याळ आहे. एका प्रेताचं पोट श्वासागणिक वरखाली होतं. वटवाघूळ उडतं त्याची दोरी माझ्या या डोळ्यांनाही दिसते. आणि या सगळ्यांत माणसं किंचाळतात ती आपल्या आईच्या गळ्याने. चार नायिका, एक मोलकरीण, आणि एका सिनेमात चक्क मिशीवाला फौजदार! पहिल्या दिवशी मी बाईंना ऐटीत सांगितलं, ही आमची आई. दुसऱ्या दिवशी मात्र डोळे पुसायला बाहेर जावं लागलं.

तिचा आवाज आठवत नाही, असं तू एकदा म्हणाली होतीस. तुझ्यासाठी म्हणून मी सगळी रिळं कान देऊन ऐकली. बोलण्याचा आवाज कुठेच नाही गं. नुसतं ओरडणं शिल्लक आहे.

आता मुद्द्याचं. दोन दिवस पत्र इथपर्यंत लिहून ठेवून देतोय.

गेल्या मंगळवारी एक सिनेमा लागला. नायिका कपाटाचं दार उघडते. आत काहीतरी आहे, ती तोंड उघडते आणि किंकाळीच्या आधी बारीक टणटणटण ऐकू येतं. बाई म्हणाल्या, "हा कुठला आवाज शिरलाय कोण जाणे, काढून टाकू या." मी ओरडलोच त्यांच्यावर. म्हटलं, "हात लावू नका."

तू सहा वर्षांची होतीस, तुला आठवत नसेल. आई घरी सराव करायची तेव्हा ओरडण्याआधी पेल्यावर चमचा तीनदा वाजवायची. म्हणजे आता येणारं ओरडणं खोटंय, आपण आणि शेजारच्या काकूंनी घाबरू नये. ध्वनिमुद्रणाच्या वेळीही सवयीने वाजवत असणार, आणि एवढ्या एकाच जागी तो आवाज कापायचा राहिला.

त्या दुपारी चमचा वाजला नाही.

तू शाळेत होतीस. मी मैदानावर होतो असं सगळे समजतात, कारण मी तसं सांगितलं. मी बाहेरच्या खोलीत वहीत पोस्टाची तिकिटं चिकटवत होतो. स्वयंपाकघरातून आई ओरडली. मग एकदा हळू. मला वाटलं, सराव असेल. नाही, वाटलं नाही, मी तसं ठरवलं. फरक मला कळला होता. बोटांना डिंक लागला होता आणि उठायचा कंटाळा आला होता, एवढंच.

काकू दाराशी आल्या. "आज चमचा नाही रे वाजला?"

"वाजला की, तुम्हालाच ऐकू नाही आला," मी म्हणालो. त्या परत गेल्या.

तासाभराने पाणी प्यायला आत गेलो, तेव्हा ती फरशीवर पडलेली दिसली, शेजारी स्टूल कलंडलेलं. डॉक्टर बाबांना म्हणाले, तासभर आधी आणलं असतं तर वाचल्या असत्या. काकूंनी मला संध्याकाळी जिन्यात गाठलं. म्हणाल्या, "तू खाली मैदानावर खेळत होतास ना? मग खालीच होतास." त्याही गेल्या आता.

स्टुलाच्या डुगडुगत्या पायाखालचा पुठ्ठा तू बाहुलीच्या पलंगासाठी काढलास आणि म्हणून आई गेली, हे आत्याने तुला किती वेळा ऐकवलं असेल! बाबांना पोचवून आलो त्या दिवशीही तिने तेच काढलं, आणि तू माझ्याकडे बघितलंस. मी चपला शोधत बसलो. त्यानंतर तू बोलणं टाकलंस ते बरोबरच केलंस. तुझ्या घरात एकही स्टूल नाही आणि वरचे कप्पे रिकामे असतात, हे माझ्या मुलीने येऊन सांगितलं होतं. मी त्यावर विनोद केला होता. लाज वाटते.

आई पडली ती पुठ्ठ्यामुळे असेल, नसेलही. पण ती पडल्यामुळे गेली नाही, मी न उठल्यामुळे गेली. तू काही केलेलं नाहीस. एवढं एक वाक्य लिहायला मला आख्खा जन्म लागला.

आत्याला याच टपालाने वेगळं पत्र धाडलंय, त्यात हे सगळं आहे. वहिनीला काल सांगितलं. फोनवर जमलं नसतं, तू हॅलो म्हटलं असतंस आणि मी पुन्हा गुडघ्याचं रडगाणं गायलो असतो.

माफी मागत नाही, तेवढं तोंड नाही मला. उत्तर द्यावंसं वाटलं तर दे, नाहीतर नको.

त्या दुपारी घरातच असलेला,
तुझा दादा